उशीर कोणी केला?

दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात सांगोल्याकडच्या एका शीतगृहातली डाळिंबं खराब झाली, आणि त्यात माझा वाटा होता. हे वाक्य इतकं सरळ मी पहिल्यांदाच लिहितोय. ऑफिसात ते असं कधी बोललं गेलं नाही.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. आमची छोटी टीम शीतगृहांच्या तापमानावर लक्ष ठेवणारी प्रणाली चालवते. खोलीतला सेन्सर दर पाच मिनिटांनी एक आकडा पाठवतो आणि तो मालकाच्या मोबाइलवर दिसतो. सगळं ठीक असेल तर हिरवा, बिघडलं तर लाल. पण सेन्सरकडून काहीच आलं नाही तर काय दाखवायचं, हे आम्ही नीट ठरवलं नव्हतं. तेव्हा प्रणाली शेवटचा आलेला आकडाच दाखवत राहायची. हिरव्या रंगात.

ही गोष्ट टीममधल्या सगळ्यात नव्या मुलीच्या लक्षात आली होती आणि तिने तसं टिकिट टाकलं होतं. त्याखाली मी लिहिलं, ‘असं किती ठिकाणी झालंय? आधी डेटा गोळा करू.’ प्रश्न अगदी वाजवी होता. पुढच्या स्प्रिंटमध्ये दुसरं काहीतरी महत्त्वाचं निघालं, त्याच्या पुढच्यात आणखी काही. टिकिट तीनदा पुढे ढकललं गेलं. तिन्ही वेळा ढकलणारा मीच.

मग एका शनिवारी रात्री तिथली वीज गेली, जनरेटर चालू झाला नाही आणि राखणदार लग्नाला गावी गेलेला. मालकांचा फोन आला तेव्हा आवाजात रागही नव्हता. “अहो साहेब, मी रात्री दोनदा उठून बघितलं की मोबाइलवर. सहा डिग्रीच दाखवत होतं.”

आमच्या क्षेत्रात अशा घटनेनंतर एक बैठक होते. तिचा नियम असा की कोणावरही दोष ठेवायचा नाही. माणूस चुकतोच, तेव्हा व्यवस्थेत कुठे भोक होतं ते शोधा आणि बुजवा. हा नियम मला मनापासून पटतो. दोष द्यायला सुरुवात केली की माणसं चुका लपवतात, आणि लपवलेली चूक पुन्हा होते. बैठक छान झाली. कारणांची यादी झाली: वीज, जनरेटर, राखणदार, सेन्सर, स्क्रीन. त्या यादीत ‘उशीर’ हा शब्द नव्हता. घरी येताना मला हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याचीच लाज वाटली.

*

त्याच डिसेंबरात मी मेलबर्नला मावसबहिणीकडे गेलो. तिच्या सात वर्षांच्या लेकीने मला प्राणिसंग्रहालयात नेलं. ती कांगारूंकडे पळाली आणि मी एका काचेपाशी अडकलो. आत काळपट, चकचकीत, हाताच्या पंजाएवढे किडे होते. लॉर्ड हाऊ बेटावरचा काटकीकिडा.

त्याची गोष्ट अशी. ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेला समुद्रात लॉर्ड हाऊ नावाचं बेट आहे. १९१८ मध्ये ‘मकाम्बो’ हे जहाज तिथे खडकावर चढलं आणि त्यातले उंदीर किनाऱ्यावर उतरले. थोड्याच वर्षांत तो किडा बेटावरून संपला. सगळ्यांनी तो गेला असंच धरलं. पण तिथून वीसेक किलोमीटरवर ‘बॉल्स पिरॅमिड’ नावाचा एक सुळका समुद्रातून साडेपाचशे मीटरहून उंच उभा आहे. २००१ मध्ये काही जण रात्री तो सुळका चढले. एका झुडपाखाली त्यांना चोवीस किडे सापडले. अख्ख्या जगात मिळून चोवीस.

आता काय करायचं? उचलून आणले आणि मेले तर? तिथेच ठेवले आणि एखादी दरड कोसळली तर? परवानग्यांत दोन वर्षं गेली. २००३ मध्ये दोन जोड्या खाली आणल्या. एक जोडी सिडनीच्या एका संगोपकाकडे गेली आणि लवकरच मेली. दुसरी मेलबर्नच्या याच प्राणिसंग्रहालयात आली. नावं ठेवली अ‍ॅडम आणि ईव्ह. थोड्याच दिवसांत ईव्हही मरायला टेकली. तिला काय झालंय ते कोणालाच कळत नव्हतं. सांभाळणाऱ्याने कॅल्शियम आणि मधुरसाचं मिश्रण तयार केलं आणि थेंबाथेंबाने तिच्या तोंडाला लावलं. ती वाचली. माझ्यासमोरच्या काचेतले किडे तिचे वंशज होते.

म्हणजे आणलेल्यांपैकी निम्मे मेले. आमच्या बैठकीत कोणी असा प्रस्ताव मांडला असता तर मीच पहिला म्हणालो असतो, ‘आधी डेटा गोळा करू.’

*

परत आल्यावर मी ऑस्ट्रेलियाच्या प्राण्यांबद्दल वाचत सुटलो. १७८८ मध्ये युरोपीय लोक तिथे वस्तीला आले, तेव्हापासून त्या देशाने तीसहून अधिक सस्तन प्राण्यांच्या जाती गमावल्या आहेत. या काळात इतके सस्तन प्राणी दुसऱ्या कुठल्याच देशाने गमावले नाहीत. कारणं आपल्याला ऐकून माहीत असतात: मांजर, कोल्हा, ससा, शेती, वणवे. पण मला एकाच गोष्टीने धरून ठेवलं. ती होती तीनचार ग्रॅम वजनाच्या एका वटवाघळाची. आपलं पाच रुपयांचं नाणंही त्याहून जड असतं.

हिंदी महासागरात, जावापासून साडेतीनशे किलोमीटर दक्षिणेला ख्रिसमस बेट आहे. ते ऑस्ट्रेलियाच्या ताब्यात आहे. तिथे एक इवलंसं वटवाघूळ राहायचं, पिपिस्ट्रेल. जगात दुसरीकडे कुठेच नाही. १९८४ मध्ये ते बेटभर सहज आढळायचं. १९९० च्या दशकात संख्या घटतेय हे दिसू लागलं. घटण्याचं कारण शोधायचे प्रयत्न झाले. संशयित बरेच होते: मांजरं, उंदीर, पिवळ्या वेड्या मुंग्या आणि बाहेरून आलेला एक साप. हा साप आपल्या ओळखीचा निघाला. महाराष्ट्रात घरांच्या भिंतींवर चढणारा बिनविषारी कवड्या साप असतो ना, त्याचाच हा भाऊबंद. १९८० च्या दशकात तो बेटावर पोचला. पण वटवाघळं नक्की कशाने मरतायत ते शेवटपर्यंत ठरलं नाही.

काही वटवाघळं पकडा आणि बंदिवासात त्यांची पैदास करा, असा सल्ला तज्ज्ञ २००६ पासून देत होते. पण कारण कळलं नव्हतं. या जातीचं वटवाघूळ आधी कोणी बंदिवासात वाढवलं नव्हतं. पकडण्यात धोका होता, खर्च होता. २००९ च्या जानेवारीत जेमतेम वीस उरली असावीत असा अंदाज आला. मग एक तज्ज्ञ समिती नेमली गेली. तिने अहवाल दिला. १ जुलै २००९ ला पकडायची परवानगी जाहीर झाली. ऑगस्टमध्ये माणसं जाळी घेऊन बेटावर गेली. चार आठवडे खटपट केली. त्यांच्या यंत्रांना एकाच वटवाघळाचा आवाज मिळत होता. ते काही जाळ्यात आलं नाही. २६ ऑगस्टच्या रात्री त्याचा आवाज शेवटचा नोंदला गेला. २७ तारखेपासून काहीच नाही.

आपल्याला न ऐकू येणारा वटवाघळांचा आवाज पकडणारी यंत्रं असतात. आवाज आला की नोंद होते आणि नाही आला तर होत नाही. माझ्या कामात मी रोज अशाच नोंदी बघतो. नोंद आली म्हणजे पलीकडे काहीतरी जिवंत आहे. नोंद थांबली की माणसाला आधी वाटतं, यंत्रच बिघडलं असेल.

*

या गोष्टीत खलनायक शोधायला मी बरीच धडपड केली. सापडला असता तर बरं झालं असतं.

टास्मानियाच्या वाघाच्या बाबतीत तो सापडतो. थायलसीन म्हणजे पाठीवर पट्टे असलेला, कुत्र्यासारखा दिसणारा, पोटाला पिशवी असलेला शिकारी प्राणी. तो मेंढ्या खातो म्हणून मेंढपाळांची ओरड होती. तिथल्या विधानसभेने बारा विरुद्ध अकरा मतांनी त्याच्या डोक्यावर इनाम लावलं. १८८८ ते १९०९ या काळात सरकारने २,१८४ इनामं दिली. प्रौढ जनावराला एक पौंड, पिल्लाला दहा शिलिंग. कायद्याने संरक्षण मिळालं १० जुलै १९३६ ला. शेवटचा ज्ञात थायलसीन होबार्टच्या प्राणिसंग्रहालयात मेला ७ सप्टेंबर १९३६ ला. मधे एकोणसाठ दिवस. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच. पण इथे निदान मतदान झालं होतं, पावत्या फाटल्या होत्या. कोणी काय केलं ते कागदावर आहे.

वटवाघळाच्या बाबतीत असा कागद नाही. ज्यांच्या काळात अखेर परवानगी निघाली ते पर्यावरणमंत्री पीटर गॅरेट. त्याआधी ते ‘मिडनाइट ऑइल’ या रॉक बँडचे गायक होते आणि एका मोठ्या निसर्गसंवर्धन संस्थेचे अध्यक्षही होते. निसर्गाचा शत्रू म्हणून दाखवावा असा हा माणूस नाही. शास्त्रज्ञ तर जीव तोडून काम करत होते. समितीने समितीसारखं काम केलं. प्रत्येक पायरीवर विचारलेला प्रश्न वाजवी होता. वाजवी प्रश्नांची रांग लागली आणि तिच्या टोकाला एक जात संपली.

मला महाभारतातली सभा आठवते. द्रौपदी विचारते, मला डावावर लावायचा अधिकार होता का? भीष्म दुष्ट नाहीत. ते म्हणतात, धर्म फार सूक्ष्म आहे, मला याचा निर्णय देता येत नाही. पूर्वी मला हे प्रामाणिक उत्तर वाटायचं. आता वाटतं, ‘आधी डेटा गोळा करू’ची ही सगळ्यात जुनी आवृत्ती आहे. प्रश्न खरोखरच सूक्ष्म असेल. पण भीष्म विचार करत होते तेवढा वेळ दुःशासन काही थांबला नव्हता. त्या सभेत विदुर बोलला, आणि कौरवांतला धाकटा विकर्ण बोलला. आमच्याकडे टिकिट टाकणारीही टीममधली सगळ्यात नवी मुलगी होती.

‘ठाऊक नाही’ हे ज्ञानाबद्दलचं वाक्य आहे, आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. ‘ठाऊक नाही, म्हणून थांबू’ हा मात्र निर्णय आहे. तो निर्णयासारखा दिसत नाही, एवढंच. थांबलं की आपण कोऱ्या पाटीवर आहोत असं वाटतं, जणू अजून काही केलेलंच नाही. पण वटवाघळांची संख्या दर महिन्याला घटतेय हे माहीत असताना थांबणं म्हणजे दर महिन्याला काही वटवाघळं खर्च करणं. फक्त त्याची पावती फाटत नाही.

*

आता दुसरी बाजू. ती मला हलकी वाटत नाही.

पहिली गोष्ट, घाईनेही जीव जातात. काटकीकिड्यांची एक जोडी गेलीच की. ऑस्ट्रेलियाने २०१५ मध्ये ठरवलं की २०२० पर्यंत वीस लाख रानमांजरं मारायची. मांजराला दुखतं. ते त्या खंडावर स्वतःहून आलेलं नाही, माणसाने आणलं. जगभरातून विरोध झाला, आणि विरोध करणाऱ्यांना मी मूर्ख म्हणणार नाही. लॉर्ड हाऊ बेटावर २०१९ मध्ये विषारी आमिष टाकून उंदीर संपवायची मोहीम झाली, त्याआधी तिथले जेमतेम साडेतीनशे रहिवासी वर्षानुवर्षं आपापसात भांडत होते. ज्या उंदरांना शंभर वर्षांपूर्वी जहाज फुटून तिथे उतरावं लागलं, त्यांच्या नातवंडांना विष घालायचं. हे पुण्याचं काम आहे असं मला म्हणता येत नाही. गरजेचं असेल.

पण यात एक गोष्ट लक्षात येते. मारलेल्या मांजरांची संख्या मोजली जाते, कारण कोणीतरी हाताने काहीतरी केलं. काही न केल्याने मेलेले मोजले जात नाहीत. आपला नैतिक हिशेब असा एकाच खात्याचा असतो. जो करतो त्याच्या नावावर रक्त चढतं आणि जो थांबतो त्याचं पान कोरं राहतं. अशा हिशेबात कुठलाही शहाणा माणूस थांबणंच पसंत करेल. मीही तेच केलं होतं.

दुसरी गोष्ट, सगळ्यांना वाचवता येत नाही. पैसा मोजका, माणसं मोजकी. प्रत्येक टिकिट तातडीचं म्हटलं तर कुठलंच तातडीचं राहत नाही. हे खरंच आहे. माझ्या तिन्ही स्प्रिंटमध्ये जे काम पुढे आलं होतं तेही कोणाच्या तरी गरजेचं होतं. म्हणून ‘सगळं वाचवा’ असं म्हणायचा धीर मला होत नाही.

पण त्याच ख्रिसमस बेटावर, त्याच काळात, दुसरी एक गोष्ट घडली. बेटावरचे सरडे आणि पालीही झपाट्याने संपत होत्या. २००९ आणि २०१० मध्ये निळ्या शेपटीच्या सापसुरळ्या आणि लिस्टरची पाल या दोन जातींचे जीव गोळा केले गेले. एकीचे ६६, दुसरीचे ४३. दोन्ही जाती आज टिकून आहेत, दोन्हींची संख्या हजाराच्या वर गेली, आणि निळ्या शेपटीच्या सापसुरळ्या २०१९ मध्ये कोकोस बेटांपैकी एका सापमुक्त बेटावर सोडल्याही गेल्या. तिसरी जात, रानसापसुरळी, हिच्यासाठी मात्र उशीर झाला. शेवटची ‘गंप’ नावाची मादी जोडीदाराविना ३१ मे २०१४ ला मेली. कायद्याच्या धोक्यातल्या यादीत तिच्या जातीचं नाव त्याच वर्षी जानेवारीत आलं होतं.

नारिंगी पोटाच्या पोपटाचंही तसंच. टास्मानियात घरटी करून समुद्र ओलांडणारा हा छोटा पोपट २०१० मध्ये पन्नासच्या आत आला. या वेळी लगेच ठरलं, जंगलातले काही पक्षी पकडून बंदिवासातली पैदास भक्कम करायची. पुढे २०१६ च्या सुमाराला जंगलात परतणारे पक्षी वीसच्याही आत आले. बंदिवासातले पक्षी सोडत राहिल्याने तो आकडा काही वर्षांत पुन्हा पन्नासच्या पुढे गेला. अजून धोका टळलेला नाही. पण पक्षी आहे.

या सगळ्यांत माहिती सारखीच अपुरी होती. फरक पडला तो कोणी, कधी ठरवलं याने.

*

मेलबर्नच्या शास्त्रज्ञांनी २०१७ मध्ये बाटलीत जपलेल्या एका थायलसीन पिल्लाचा जनुकीय आराखडा वाचला. २०२२ मध्ये एका अमेरिकी कंपनीने त्यांच्यासोबत थायलसीन परत आणायचं जाहीर केलं. उंदराएवढ्या डनार्ट नावाच्या प्राण्याच्या पेशींत बदल करत जायचं, असा बेत आहे. भाचीला हे भारी आवडलं. “मामा, म्हणजे बॅकअप आहे ना?” तिने विचारलं.

हा शब्द तिला मीच शिकवला होता. माझ्या धंद्यात खरोखरच अर्धं समाधान बॅकअपवर उभं असतं. पण आम्हाला हेही माहीत असतं की बॅकअप आहे म्हटल्यावर माणूस बेफिकीर होतो. जमलं तर मला तो प्राणी बघायला आवडेल. तरी त्याने १९३६ चे एकोणसाठ दिवस भरून निघत नाहीत. आणि ख्रिसमस बेटाच्या वटवाघळाचा बॅकअप घ्यायला कंपन्या रांगेत उभ्या नाहीत. ते पट्टेदार नव्हतं.

तर माझं म्हणणं एवढंच आहे. सगळ्यांना वाचवणं हे कर्तव्य नसेल. पण ‘हे जाऊ द्यायचं’ असं ठरत असेल, तर कोणीतरी ते तसं म्हणावं आणि खाली नाव आणि तारीख लिहावी. टास्मानियाच्या त्या बारा जणांनी चूक केली, पण हात वर करून केली. त्यांच्या चुकीवर दीडशे वर्षांनी भांडता तरी येतं. उशिराशी भांडता येत नाही, कारण तो कोणी केलेलाच नसतो.

दोष न देणारी बैठक मला अजूनही हवी आहे. पण दोष न देणं वेगळं आणि जबाबदारी न घेणं वेगळं, हे मला तेव्हा कळलं नव्हतं. पहिलं दुसऱ्यांसाठी असतं, दुसरं स्वतःसाठी. टीमने मला दोष दिला नाही ही त्यांची सभ्यता. ती सभ्यता मी माफीसारखी खिशात घातली.

आमची स्क्रीन आता बदलली आहे. वीस मिनिटं नोंद आली नाही की आकडा पुसला जातो, तिथे करडा रंग येतो आणि ‘शेवटची नोंद किती वेळापूर्वी’ हे दिसतं. टिकिट पुढे ढकलायचं तर दोन ओळी लिहाव्या लागतात: थांबल्याने काय जाऊ शकतं, आणि हे कोण ठरवतंय. दुसऱ्या ओळीत माझं नाव बऱ्याचदा असतं. लिहिताना हात जरा अडखळतो. अडखळायलाच हवा.

एक गोष्ट राहिली होती. शीतगृहाच्या मालकांना नुकसानभरपाई कंपनीकडून मिळाली होती, पण ते टिकिट कोणी अडवलं होतं हे त्यांना कधी कळलं नव्हतं. कळून त्यांचा काय फायदा, असा वाजवी प्रश्न मी स्वतःला दोन वर्षं विचारत होतो. हा लेख इथवर लिहून झाला आणि माझ्या लक्षात आलं की मी चौथ्यांदा तेच करतोय.

काल संध्याकाळी फोन लावला. सगळं सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मागे कुठेतरी टेम्पोत क्रेट चढवल्याचे आवाज येत होते.

“दोन वर्षांनी सांगताय होय?” ते म्हणाले.

मी म्हटलं, “हो. उशीर झाला. मी केला.”